मोडी कागदांचे संगणकीय वाचन आणि ‘लिप्यंतर’ या शब्दाचा गुंता

हस्तलिखिताचे छायाचित्र घेऊन त्यातील मजकूर संगणकाकडून उतरवून घेणे, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. मात्र मोडी कागदाचा मजकूर मोडीतच उतरवावा की थेट देवनागरीत, याबाबत एकमत नाही. बडोद्यातील मराठी वाचकाला हा प्रश्न दूरचा वाटू नये. गायकवाडी कारभाराचे मराठी कागद मोडीत आहेत, पुढे राज्याचा कारभार गुजरातीत गेला, आणि घरच्या ट्रंकेतील आजोबांचा कागद वाचण्यासाठीही आज जाणकार शोधावा लागतो.

संपादनाची परंपरा या शहराला नवी नाही. संस्थानच्या प्राच्यविद्या ग्रंथमालेचा आरंभ १९१६ मध्ये झाला आणि पाटणच्या जैन भांडारांतील ताडपत्रांकडे अभ्यासकांचे लक्ष याच शहरातून वेधले गेले. वाल्मीकिरामायणाच्या चिकित्सित आवृत्तीचे कामही येथेच १९५१ ते १९७५ या काळात पार पडले. अशा कामाची शिस्त ठरलेली असते. प्रत्येक पोथीतील पाठ अक्षराखाली अक्षर येईल असा तक्त्यात भरायचा, लेखनिकाची चूकही जशीच्या तशी ठेवायची आणि संपादकाचा निर्णय त्यानंतर, वेगळा नोंदवायचा. मोडी दप्तराच्या वाट्याला ही शिस्त क्वचितच आली. १९३० च्या दशकापासून बडोदा दप्तरातील निवडक मराठी कागद छापले जाऊ लागले, पण वाचकाच्या हाती आला तो देवनागरी मजकूर. मूळ अक्षर त्याच्यासमोर नव्हते, आणि ते नसल्याची खंतही फारशी कोणी व्यक्त केली नाही.

पुढच्या गोंधळाचे मूळ येथे आहे. लिप्यंतर म्हणजे भाषा तीच ठेवून लिपी बदलणे. कागदावर दिसते ते त्याच लिपीत जसेच्या तसे उतरवणे ही वेगळी क्रिया असून दप्तरात तिला ‘नक्कल’ असा साधा शब्द होता. आज मात्र दोन्हींना सर्रास लिप्यंतर म्हटले जाते. देवनागरी पोथीच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही, मोडीत बिघडते. लेखनिक आधी पानभर शिरोरेषा ओढून घेई आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जाई, त्यामुळे शब्दांमध्ये जागा सुटत नसे. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घ हा भेद पाळला जात नसे. कापडाच्या हिशेबात आणि वारसाच्या तक्रारीत एकच अक्षरजोडी आली, तर एका ठिकाणी ‘सूत’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘सुत’ वाचावे लागते. हे वाचन बरोबर असेलही, पण तो वाचकाचा निर्णय आहे, कागदाचा नव्हे.

संक्षेपांचेही असेच आहे. ‘क॥’ म्हणजे कसबे आणि ‘प॥’ म्हणजे परगणे, हे मुरलेला वाचक नजरेसरशी सोडवतो. कागदाच्या माथ्यावर ‘सु॥ अर्बा सबैन मया व अलफ’ असे आले की चार, सत्तर, शंभर आणि हजार या अरबी अंकशब्दांची बेरीज करून तो ११७४ हे सुहूर सन (मराठी दप्तरातील कालगणनेचे वर्ष) काढतो आणि त्यावरून इ. स. १७७३-७४ हे वर्ष ठरवतो. हे सारे देवनागरीत सोडवून छापले आणि मूळ खूण मागे ठेवली नाही, तर सोडवताना झालेली चूक पकडण्याचा मार्ग पुढच्या अभ्यासकाला उरतच नाही.

संगणकाच्या पहिल्या पर्वाने या प्रश्नाला हात घातला नाही. प्रत्येक लिपीतील अक्षराला ठरावीक संकेतांक देणारी युनिकोड ही सामाईक व्यवस्था रुळण्यापूर्वीचा देवनागरी मजकूर ज्या त्या फाँटच्या सांकेतिक मांडणीत बंदिस्त होता. फाँट गेला की कष्टाने टंकलेली पाने निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली, तरी मोडीला स्वतंत्र जागा मिळाली ती जून २०१४ मधील ७.० या आवृत्तीत. त्या संचात संक्षेपचिन्हालाही स्थान आहे, ही समाधानाची गोष्ट. पण ऱ्हस्व आणि दीर्घ इकार-उकारांना त्यात वेगवेगळे संकेतांक आहेत, म्हणजे मोडीतच टंकायचे ठरवले तरी कागदाने न केलेला भेद टंकणाऱ्याला करावाच लागतो. ‘मोडीत उतरवले म्हणजे मूळ जपले’ हा युक्तिवाद त्यामुळे वाटतो तितका भक्कम नाही.

माझ्या मते यातून मार्ग दाखवला तो ग्रंथसंहितांच्या अंकनासाठी, म्हणजे मजकुरात संगणकाला कळतील अशा खुणा घालण्यासाठी, १९८७ पासून घडत आलेल्या टीईआय (टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह) या नियमावलीने. तिच्या २००७ च्या पाचव्या आवृत्तीनुसार एकाच जागी संक्षेप आणि त्याचा उलगडा, मूळ लेखन आणि प्रमाण लेखन अशा जोड्या शेजारी शेजारी नोंदवता येतात. ‘प॥’ तसेच राहते, ‘परगणे’ही मिळते आणि उलगडा कोणी केला हेसुद्धा लिहून ठेवता येते. रामायणाच्या पाठांसाठी जी शिस्त कागदी तक्त्यांवर पाळली जाई, तिचेच हे संगणकीय रूप आहे.

हस्ताक्षर ओळखणारी साधने त्यानंतरची. ट्रान्सक्रिब्स हे युरोपात वाढलेले साधन आणि ई-स्क्रिप्टोरियम हे मुक्त साधन या दोन्हींत आधी ओळी वेगळ्या केल्या जातात, आणि माणसाने उतरवलेली काही पाने शिकवल्यावर यंत्र पुढची पाने वाचू लागते. रोमन लिपीची अक्षरे तळरेषेवर बसतात, मोडीची वरच्या रेषेला लटकतात. म्हणून ओळ कोणत्या रेषेने ओळखायची हे आधीच ठरवावे लागते, आणि ई-स्क्रिप्टोरियममागील क्राकेन या यंत्रणेत वरची रेषा निवडण्याची सोय आहे.

२०२५ मध्ये शिवकालीन, पेशवेकालीन आणि आंग्लकालीन मोडी कागदांच्या दोन हजारांहून थोड्या अधिक प्रतिमांचा एक संच प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक प्रतिमेसोबत देवनागरी मजकूर जोडलेला आहे, म्हणजे तेथे यंत्र अक्षर आणि निर्णय दोन्ही एकदम शिकते. ‘सूत’ की ‘सुत’ हे एकदा माणसाने ठरवून दिले, की पुढच्या प्रत्येक कागदावर यंत्र तेच वळण गिरवणार. असा संच बडोद्याच्या कागदांसाठी कोणी करायला घेतला, तर देवनागरी ओळीच्या शेजारी मोडीची नक्कल ठेवण्याचे काम पहिल्या पानापासूनच व्हायला हवे.