सेनिओ नदीची लढाई (एप्रिल १९४५)

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या महिन्यात इटलीच्या रोमान्या प्रदेशात, सेनिओ नदीवर ब्रिटिश आठव्या सेनेने जर्मन संरक्षणफळी फोडली, ती ही लढाई. हल्ला ९ एप्रिल १९४५ रोजी झाला. पुढे बारा दिवसांत बोलोन्या मुक्त झाले आणि २ मे रोजी इटलीतील जर्मन सैन्याची शरणागती अमलात आली. आठवी भारतीय डिव्हिजन (अनेक ब्रिगेडांचा मोठा सेनाविभाग) या हल्ल्याच्या अग्रभागी होती. तिच्यातच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण, म्हणजे जंगी पलटण, लढली.

नदी आणि तिचे बांध

सेनिओ ही आपेनाइन डोंगरातून उतरून रावेन्नाच्या सपाट शेतजमिनीतून वाहणारी छोटी नदी. पात्र जेमतेम पंधरा फूट रुंद, पाणी चार-पाच फूट खोल. पात्रापेक्षा खरा अडथळा होता तो दोन्ही काठांवरच्या पूरबांधांचा. पुरापासून शेते वाचवायला पिढ्यान्‌पिढ्या चढवत नेलेले हे मातीचे बांध काही ठिकाणी वीस फुटांच्याही वर गेले होते. आजूबाजूला द्राक्षमळे, पाटचाऱ्या आणि सपाट रान. त्यामुळे बांध ज्याच्या हाती, त्याला मैलभर परिसर दिसे.

ब्रिटिश फौजा १९४५ च्या सुरुवातीला इथे येऊन थांबल्या त्या तीन महिने. अनेक ठिकाणी जर्मनांनी दोन्ही बांध धरून ठेवले होते, म्हणजे नदीच्या अलीकडचा, पूर्वेकडचा बांधही त्यांच्याच ताब्यात. काही जागी एकाच बांधाच्या एका उतारावर ब्रिटिश आणि दुसऱ्या उतारावर जर्मन, अशी अवस्था होती. हातबॉम्ब माथ्यावरून पलीकडे टाकायचा, की तिकडूनही उत्तर येई.

जर्मनांनी मशीनगनचे अड्डे बांधाच्या आतल्या, नदीकडच्या उतारात खोल खणले होते. तोफगोळ्याचा मार्ग तुलनेने सपाट असतो, म्हणून तो बांधाच्या दर्शनी बाजूवर आदळतो किंवा माथ्यावरून निघून जातो. आतल्या उतारावरच्या माणसाला त्याची झळ फारशी लागत नाही. उखळी तोफेचा गोळा उंच जाऊन वरून पडतो, पण खणलेल्या बिळात तोही क्वचितच पोचतो. उतारांवर सुरुंग पेरलेले होते. त्यांतला शू-सुरुंग म्हणजे लाकडी पेटीत सुमारे दोनशे ग्रॅम टीएनटी. लाकडामुळे धातुशोधक यंत्राला तो सापडत नसे. अशा वेळी सॅपर (लष्करी अभियांत्रिकी दलाचा सैनिक) सुरुंग शोधी तो संगिनीच्या टोकाने माती टोचत टोचत.

हल्ल्याची आखणी

आठव्या सेनेचे सेनापती रिचर्ड मॅक्रीरी होते. लुगो गावासमोर चार्ल्स कीटली यांच्या पाचव्या कोअरने (अनेक डिव्हिजनांच्या सेनाविभागाने) दोन डिव्हिजन शेजारीशेजारी उभ्या केल्या: उजवीकडे डडली रसेल यांची आठवी भारतीय, डावीकडे दुसरी न्यूझीलंड. आणखी दक्षिणेला दुसरी पोलिश कोअर होती. भारतीय डिव्हिजनच्या समोर प्रामुख्याने जर्मनांची ३६२ वी पायदळ डिव्हिजन होती.

बॉम्बवर्षावासाठी पुढची ठाणी मागे घेणे भाग होते. त्याची किंमत उघड होती: मागे घेतलेली जमीन हल्ल्याच्या वेळी पुन्हा चालून जायची. दुपारी दोनच्या सुमारास आठशेंहून अधिक अवजड विमाने आली आणि त्यांनी प्रामुख्याने वीस-वीस पौंडांचे तुकडे उडवणारे बॉम्ब टाकले. मोठे बॉम्ब मुद्दामच टाळले होते. त्यांनी पडलेल्या खड्ड्यांत आपलेच रणगाडे अडकतात, हा धडा इटलीतल्याच कासिनोच्या आधीच्या लढाईत मिळालेला होता. वैमानिकांना हद्द कळावी म्हणून विमानविरोधी तोफांनी आकाशात स्फोटांची रांग उठवली होती. तरीही काही बॉम्ब पोलिश सैन्यावर पडले आणि त्यात ३८ सैनिक ठार झाले.

त्यानंतर ३ वाजून २० मिनिटांपासून चार तास तोफखाना सुरू होता, पण सलग नव्हे. मारा थांबे, लढाऊ विमाने बांधांवर झेपावत, मग पुन्हा मारा. तोफा थांबल्या की पायदळ येणार, असे समजून जर्मन सैनिक बिळांतून बाहेर येत आणि पुढच्या माऱ्यात सापडत. असे काही वेळा झाल्यावर तोफा थांबल्या तरी कोणी लगेच बाहेर येईना. ७ वाजून २० मिनिटांनी विमाने पुन्हा झेपावली. या वेळी मात्र त्यांनी काहीच टाकले नाही, आणि त्यांच्या खालून पायदळ निघाले.

त्याआधी काही मिनिटे चर्चिल क्रोकोडाइल रणगाडे आणि वास्प कॅरिअर (ज्वाळा फेकणारी हलकी चिलखती वाहने) बांधाशी आणून माथ्यावरून ज्वाळांचा फवारा सोडला गेला. क्रोकोडाइलच्या मागे जोडलेल्या गाड्यात चारशे गॅलन इंधन असे. जळून मेले त्यांची संख्या फारशी नसावी, पण पेटते इंधन आतल्या उतारावर ओघळताना पाहून अनेक अड्ड्यांनी हत्यारे टाकली. जिथे ज्वाळा पोचल्या नाहीत तिथे लढाई हातघाईची झाली.

मराठा पलटणीचे पारगमन

एकविसाव्या ब्रिगेडमधील मराठ्यांच्या वाट्याला अशीच जागा आली. कंपनी नदीत उतरली, आणि पूर्व बांधाच्या आतल्या उतारावर शाबूत राहिलेल्या किमान तीन अड्ड्यांनी तिच्यावर गोळीबार सुरू केला. कंपनी कमांडरबरोबरच्या छोट्या तुकडीत कमांडर आणि काही जण जखमी झाले, बाकीचे मारले गेले. कंपनीचा निरोप्या शिपाई नामदेव जाधव तेवढा बिनजखमी राहिला. त्याने एका जखमीला उचलून खोल पाण्यातून, चढ्या उतारावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेले, मग परत जाऊन दुसऱ्याला आणले. नंतर पुन्हा बांध ओलांडून पहिला अड्डा टॉमीगनने (हातातल्या छोट्या मशीनगनने) गप्प केला. हाताला गोळी लागल्याने बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. ते संपले की सरपटत माथ्यावर येऊन मागच्या उतारावरच्या सोबत्यांकडून नवे घ्यायचे, असे करत त्याने उरलेले दोन अड्डेही संपवले. मग बांधाच्या माथ्यावर उभा राहून त्याने मराठ्यांची रणगर्जना दिली आणि मागच्या कंपन्यांना हात करून पुढे बोलावले. संगमनेर तालुक्यातील निमजच्या या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच संध्याकाळच्या, त्याच नदीवरच्या पराक्रमासाठी फ्रंटिअर फोर्स रायफल्सचा शिपाई अली हैदर यालाही तो मिळाला.

बॉम्बफेकीचे आकडे या लढाईच्या वर्णनांत नेहमी पुढे असतात. त्यांनी जर्मनांचा तोफखाना, तारायंत्रणा आणि राखीव दले विस्कळीत केली, हे खरेच आहे. पण आतल्या उतारावरचे अड्डे माणसांनाच एकेक करून घ्यावे लागले.

पूल

पायदळ पलीकडे गेले तरी रणगाडे आणि रणगाडाविरोधी तोफा पहाटेपर्यंत न पोचल्या तर प्रतिहल्ल्यात सगळे गमवावे लागते. म्हणून रात्रभर खरी शर्यत सॅपरांची होती. सर्वांत झटपट साधन आर्क: बुरूज काढलेला चर्चिल रणगाडा थेट पात्रात उतरवायचा आणि पुढचे-मागचे उतरंडे उघडायचे, की त्याच्या पाठीवरून बाकीचे रणगाडे जातात. दुसरे साधन बेली पूल, म्हणजे पोलादी सुट्या भागांतून जोडायचा लष्करी पूल. त्याची दहा फुटी चौकट सुमारे २६० किलोची, सहा माणसांनी उचलायची. चौकटी पोलादी पिनांनी जोडून, पुढे हलके नाक लावून, पूल रोलरवरून ढकलत पलीकडे न्यायचा. सेनिओवर अडचण उंचीची होती. बांधाच्या माथ्यावरून माथ्यावर पूल टाकावा तर तो फार लांब होतो. बुलडोझरने बांध फोडून वाट खाली न्यावी तर पूल आखूड होतो, पण उतार तीव्र राहतो, ओली माती चाकांखाली सरकते आणि फोडायच्या मातीत सुरुंग असतात. तरीही १० एप्रिलच्या सकाळी रणगाडे पलीकडे होते. त्याच दिवशी लुगो मुक्त झाले.

पुढील घटना

सान्तेर्नो नदीवरची पुढची फळी दोन-तीन दिवसांत पडली, कारण सेनिओवरून मागे हटलेल्यांना तिथे नीट बसायला वेळच मिळाला नाही. पो नदीपलीकडे वेळीच माघार घेण्याची जर्मन सेनापती फिटिंगहोफ यांची मागणी हिटलरने नाकारली होती. आर्जेन्ताची खिंड (पाणथळ भागांमधली अरुंद कोरडी वाट) फुटल्यावर फार उशीर झालेला होता. २१ एप्रिलला सकाळी पोलिश सैनिक बोलोन्यात शिरले, पाठोपाठ अमेरिकन आणि इटालियन तुकड्या आल्या. स्थानिक पार्टिझन (जर्मनांविरुद्ध लढणारे सशस्त्र नागरिक) शहरात आधीच उठले होते. आठवी भारतीय डिव्हिजन फेर्रारामार्गे पोकडे गेली. दक्षिण इटलीतील कासेर्ता येथे २९ एप्रिल रोजी शरणागतीवर सह्या झाल्या.

इटलीत पडलेल्या अनेक हिंदू आणि शीख सैनिकांची नावे फोर्ली येथील दहनस्मारकावर आहेत. नदीकाठच्या आल्फोन्सिने गावात या लढाईचे संग्रहालय आहे.