स्लज मेटल

हेवी मेटल संगीताचा एक उपप्रकार. संथ, जड गिटार आणि हार्डकोर पंकमधून (पंक रॉकचा वेगवान, आक्रमक प्रकार) आलेले किंचाळते गायन ही त्याची मुख्य लक्षणे. डूम मेटल हा हेवी मेटलचा संथ, उदास प्रकार त्याला सर्वांत जवळचा. पण डूममध्ये लय सहसा संथच राहते, तर स्लजमध्ये ती मधूनच सुसाट सुटते आणि पुन्हा बसकण मारते. केवळ संथ म्हणून एखाद्या बँडला स्लज म्हणणे योग्य नव्हे.

उगमाबाबत एकमत नाही. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स हे जन्मस्थान मानण्याचा प्रघात आहे. तेथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस आयहेटगॉड आणि पुढे क्रोबार हे बँड उभे राहिले. पैकी आयहेटगॉडची स्थापना सामान्यतः १९८८ची धरतात. दुसरे मत वॉशिंग्टन राज्यातील मॉन्टेसानो या लहान गावाकडे जाते. तेथे १९८३च्या सुमारास मेल्व्हिन्स हा बँड जमला आणि १९८७मध्ये त्याचा ‘ग्लुई पोर्च ट्रीटमेंट्स’ हा अल्बम आला. त्याही आधी कॅलिफोर्नियाच्या ब्लॅक फ्लॅगने ‘माय वॉर’ (१९८४) या रेकॉर्डची दुसरी बाजू प्रत्येकी सहा मिनिटांहून मोठ्या अवघ्या तीन संथ गाण्यांनी भरली होती. वेगाची सवय असलेल्या पंक श्रोत्यांपैकी अनेकांना ती रुचली नाही. कालक्रम पाहता न्यू ऑर्लीन्सपेक्षा मेल्व्हिन्सचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. न्यू ऑर्लीन्सने या प्रकाराला ब्लूजचा ढंग आणि स्थिर रूप दिले, असे म्हणणे पुरेसे आहे. ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश हेवी मेटल बँडचे ऋण मात्र सर्वांनाच मान्य आहे. त्याचे गिटारवादक टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके कारखान्यातील अपघातात तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबणारा हात हाच. त्यामुळे ते हलक्या तारा वापरू लागले, पुढे त्या सैलही लावू लागले; ‘मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी’मध्ये (१९७१) गिटार तीन अर्धस्वर उतरलेली आढळते.

पुढे जॉर्जिया राज्यातील मॅस्टोडॉन, बॅरोनेस यांनी हा प्रकार मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत नेला. भारतात बंगळूरुच्या बेवार सीचे नाव या संदर्भात घेतले जाते. त्याचा कल मात्र डूम आणि स्टोनर या संथ, धुंद प्रकाराकडे अधिक आहे.

गिटारची सर्वांत जाड तार एरवी ८२·४ हर्ट्झला मिळवतात. स्लजमध्ये ती ६१·७ (‘बी’ हा सूर) किंवा थेट ५५ हर्ट्झपर्यंत (‘ए’ हा सूर) उतरवली जाते. तीच तार ‘ए’पर्यंत आणली तर मूळ ताणाच्या सुमारे ४५ टक्केच ताण उरतो आणि सूर डगमगतो, म्हणून जाड तारांचा संच लागतो. नागपूरच्या उन्हाळ्यात बाहेरची कोरडी हवा आणि खोलीतली कुलरची ओल यांच्या ओढाताणीत गिटारची मान हलते, मग सैल तार फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या पट्टीवर) खरखरते. सरावाच्या जागेचाही प्रश्न असतो. दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ५६ हर्ट्झचा ध्वनी घुमतो. चाळीस अंशांच्या हवेत ध्वनीचा वेग वाढतो आणि हा आकडा ५८वर जातो, म्हणजे ‘ए’ आणि ‘बी’च्या मधोमध. अशा खोलीत रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा गिटारचा तुकडा) आहे त्याहून जड भासतो, वादक अ‍ॅम्पवरचा बेस उतरवतो आणि मोकळ्या मंचावर तोच रिफ पोकळ वाजतो.

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री (दहा ते सहा) ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजणी ‘ए’ भारांकनाने होते (कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर कमी धरणारी पद्धत; ‘ए’ सुराशी तिचा संबंध नाही) आणि त्यात ६३ हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. शेजारच्या खिडक्यांच्या काचा थरथरत असतानाही मापकावर आकडा त्या मानाने लहानच दिसतो. वरातीतल्या धुमालचा ठोका ज्यांच्या छातीत बसला आहे, त्या नागपूरकरांना हा फरक वेगळा समजावून सांगावा लागत नाही.