धर्मादाय गुलाब

विक्रीतून एखाद्या सेवाभावी संस्थेला निधी मिळावा म्हणून बाजारात आणलेला बागेतला गुलाब. ही पद्धत मुख्यतः ब्रिटन व अमेरिकेत रुळली आहे. रोपवाटिका प्रत्येक रोपामागे ठरलेली रक्कम किंवा किमतीतला हिस्सा संस्थेला देते. हार्कनेस या ब्रिटिश रोपवाटिकेचा पांढरा ‘प्रिन्सेस ऑफ वेल्स’ (१९९७) फुफ्फुसांच्या आजारांसाठी काम करणाऱ्या ब्रिटिश लंग फाउंडेशनसाठी होता. पिवळ्या गुलाबांतले अलीकडचे उदाहरण म्हणजे डेव्हिड ऑस्टिन रोपवाटिकेचा ‘नाय बेव्हन’ (२०२१). ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा १९४८ मध्ये उभी करणाऱ्या मंत्र्याचे नाव त्याला दिले आहे आणि मदत त्या सेवेशी जोडलेल्या धर्मादाय संस्थांना जाते.

असा गुलाब ‘संस्थेसाठी खास निर्माण केला’ असे जाहिरातीत म्हणतात. ते शब्दशः घेऊ नये. हाताने परागसिंचन, बियांपासून रोपे, त्यांतून निवड, मग खुंटावर डोळे भरून (म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळावर या वाणाचा डोळा कलम करून) वाढवणे आणि चाचण्या यांत आठ-दहा वर्षे जातात. संस्था बहुधा शेवटी येते. नाव वेगळे करता येते म्हणूनच हे जमते. नोंदणीत वाणाला सांकेतिक नाव असते, बाजारातले नाव देशागणिक बदलू शकते. अमेरिकी पैदासकार टॉम कॅरथ यांचा पिवळा, बडीशेपेच्या वासाचा गुलाब अमेरिकेत ‘ज्युलिया चाइल्ड’ आहे, तर ब्रिटनमध्ये ‘अॅब्सोल्यूटली फॅब्युलस’.

पिवळा रंग आणि सुगंध एकत्र आणणे मात्र खरोखर अवघड होते. युरोपच्या जुन्या बागांत गडद पिवळा गुलाब जवळजवळ नव्हता. तो आला पश्चिम आशियातल्या रोझा फीटिडा या जातीतून. तिचा वास अनेकांना नकोसा वाटतो. लॅटिन नावातही दुर्गंधच आहे. फ्रान्समधील लियाँचे पैदासकार जोसेफ पेर्ने-दुशे यांनी तिच्या ‘पर्शियन यलो’ या प्रकाराचा संकर करून १९०० मध्ये ‘सोलेइ दोर’ आणला. आजच्या बहुतेक गडद पिवळ्या गुलाबांत त्या घराण्याचा अंश आहे. त्याच वारशातून पानांवरच्या काळ्या ठिपक्यांच्या रोगाला बळी पडण्याची प्रवृत्तीही आली. चांगला वास परत आणायला पुढे बरेच संकर करावे लागले. काही पिवळ्या वाणांतला चहासारखा गंध चिनी गुलाबांकडून आलेला आहे. फळांसारखा गंध पिवळा रंग देणारी कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये मोडून तयार होणाऱ्या संयुगांतून येऊ शकतो, म्हणजे रंग आणि गंध काही अंशी एकाच मुळाचे. हीच द्रव्ये उन्हात विरत असल्याने पिवळी कळी उमलल्यावर अनेकदा सायीच्या रंगाची होते.

निधीचा ओघ कायमचा नसतो. अमेरिकेत वनस्पतीचे पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे टिकते. त्यानंतर कोणीही डोळे भरून त्या वाणाची रोपे विकू शकतो. मूळ करारात नसलेल्या अशा विक्रेत्यावर संस्थेला हिस्सा देण्याचे बंधन नसते.