डोकं कुठलं, शेपूट कुठली?

एप्रिल 2007. 'लकी स्टार' या जपानी अॅनिमे, म्हणजे अॅनिमेशन मालिकेचा पहिला भाग. हायस्कूलच्या वर्गात मुली डबा खायला बसल्यात आणि चर्चेचा विषय आहे चॉकलेट कॉर्नेट. हा आपल्या बेकरीतल्या क्रीम रोलचा भाऊबंद: धातूच्या शंकूभोवती पिठाची वळी गुंडाळून भाजलेला पाव, आत चॉकलेटचं क्रीम. आता याचं डोकं कुठलं, निमुळतं टोक की रुंद? कोनाता एक सांगते, त्सुकासा दुसरं. बोलणं लांबत जातं आणि कथानक जागचं तसूभर हलत नाही. पहिल्यांदा पाहणारा वाट बघत राहतो, आता काहीतरी घडेल. कित्येकांनी तिथेच टीव्ही बंद केला असेल, आणि त्यांना दोष देता येत नाही.

हा निवांतपणा आला वर्तमानपत्रातून. 'लकी स्टार' मुळात चार चौकटींची चित्रकथा, जपानीत 'योन्कोमा'. आपल्या पेपरातल्या चित्रपट्ट्या बहुधा आडव्या असतात, या चौकटी वरून खाली उतरतात. त्यांचा हिशोब पक्का: की, शो, तेन, केत्सु. म्हणजे आरंभ, पुढची पायरी, वळण, शेवट. चिनी कवितेतल्या चार ओळींची ही जुनी बांधणी. माचिको हासेगावा यांनी 1946 मध्ये फुकुओकाच्या एका दैनिकात 'साझाए-सान' सुरू केली, ती याच साच्यातली. पुढे ती 'आसाही शिंबुन'मध्ये 1974 पर्यंत चालली. तिचं अॅनिमे ऑक्टोबर 1969 पासून रविवार संध्याकाळी लागतं. अर्ध्या तासात तीन छोट्या गोष्टी. चार चौकटींचा विनोद ताणला तर तुटतो, म्हणून अर्ध्या तासाचे तुकडे करायचे, ही युक्ती तेव्हापासूनची.

ती युक्ती हायस्कूलच्या वर्गात खऱ्या अर्थाने रुजवली कियोहिको आझुमा यांच्या 'आझुमांगा दाइओ' या योन्कोमाने. 2002 साली त्याचं अॅनिमे आलं तेव्हा सोमवार ते शुक्रवार रोज पाच मिनिटांचा एक तुकडा दाखवला जाई आणि मग आठवड्याचे पाचही जोडून एक पूर्ण भाग. असे 26 भाग, 130 तुकडे. त्यात शाळेची तीन वर्षं बसवली. जपानमध्ये शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि टीव्हीचा नवा हंगामही एप्रिलमध्येच, त्यामुळे पहिल्या भागातला पहिला दिवस प्रेक्षकाच्या कॅलेंडरशी जुळला. मग क्रीडादिन, सांस्कृतिक महोत्सव, सहल, प्रवेशपरीक्षा. कथानकाची उणीव शाळेच्या वेळापत्रकाने भरून काढली.

यातली माझी आवडती पोरगी म्हणजे ओसाकाहून बदलून आलेली विद्यार्थिनी. ओसाकाची माणसं हजरजबाबी, बोलघेवडी, असा जपानभर लौकिक. 'मानझाई' ही जोडगोळीची विनोदी कला तिथेच फोफावली. एकाने खुळ्यासारखं बोलायचं, तो 'बोके'. दुसऱ्याने तिथल्या तिथे झापायचं, तो 'त्सुक्कोमी'. वर्ग मोठ्या आशेने नव्या मुलीकडे बघतो, आणि ही निघते ढगात हरवलेली. नाव तरीही 'ओसाका'च पडतं. 'लकी स्टार'मध्ये हीच जोडी कोनाता आणि त्सुकासाची जुळी बहीण कागामी यांची.

त्याच 2002 मध्ये होउबुन्शा प्रकाशनाने योन्कोमाला वाहिलेलं 'मांगा टाइम किरारा' मासिक काढलं. त्यातल्या 'के-ऑन!'चं अॅनिमे 2009 मध्ये क्योतो अॅनिमेशन या स्टुडिओने केलं. 'लकी स्टार'ही त्याच स्टुडिओचं. त्याचा दिग्दर्शक पहिल्या चार भागांनंतर बदलला आणि पुढची धुरा यासुहिरो ताकेमोतो यांनी सांभाळली. 18 जुलै 2019 ला या स्टुडिओत लावलेल्या आगीत 36 जण गेले. ताकेमोतो त्यांतले एक.

आणि हे सगळं बघत कोण होतं? 'लकी स्टार' लागायची मध्यरात्रीनंतर, स्थानिक वाहिन्यांवर. म्हणजे शाळा केव्हाच मागे पडलेली, नोकरीवरून परतलेली माणसंही त्यात होती. मालिकेतल्या जुळ्या बहिणींचं घर ज्या देवस्थानावर बेतलंय ते सैतामा प्रांतातलं वाशिनोमिया. 2007 च्या नववर्षाला तिथे साधारण 1.3 लाख लोक आले होते, 2008 ला 3 लाख. नवस लिहून टांगायच्या लाकडी पाट्यांवर परीक्षा, नोकरी, लग्न यांच्या शेजारी कोनाता आणि कागामी रंगवलेल्या दिसू लागल्या.