माशाची वाढ आणि तळ्याचं उत्पादन, घोळ घालू नका राव

शेततळ्यात मासे सोडले की सात-आठ महिन्यांनी एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "बीजच खराब निघालं, मासा वाढलाच नाही." आणि त्याच तळ्यातून जाळं ओढलं की क्रेटवर क्रेट भरून निघतात. हे ऐकून ऐकून कान किटले म्हणून लिहितोय.

उत्पादन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको, सोयाबीनचा एकरी उतारा काढता तसंच, तळ्यातून एकूण किती किलो निघालं ते.

वाढ म्हणजे एका माशाचं वजन किती दिवसांत किती वाढलं. सगळा घोटाळा इथंच होतो, कारण सोयाबीन दाट झालं तरी वेळ आली की काढणीला येतंच, माशाला मात्र असं ठरलेलं वजनच नसतं. खायला मिळालं तर वाढत राहतो, नाही मिळालं तर आहे तेवढाच राहून मजेत जगतो, मरत पण नाही. त्यामुळं वर्षाचा रोहू एका तळ्यात 100 ग्रॅमचा आणि दुसऱ्यात पाऊण किलोचा, बीज एकाच ठिकाणचं असलं तरी. लहान दिसला म्हणजे कोवळा, हे डोक्यातून काढा.

हिशोब करून बघा. धरा तुमच्या तळ्यातल्या खाद्यावर 1000 किलो मासा पोसला जातो. 2000 बोटुकली (बीज म्हणून सोडतात ती बोटाएवढी पिल्लं) जगली तर अर्ध्या अर्ध्या किलोचा मासा, 10000 जगली तर 100 ग्रॅमचा. उत्पादन दोन्हीकडं तेवढंच, वाढ पाचपट कमी, आणि 100 ग्रॅमच्या कटल्याला बाजारात कोण विचारतं? हेक्टरी 5000 ते 10000 बोटुकली सोडा असं सांगतात ते उगीच नाही. पण आपल्याकडं "थोडी मरतील, जास्तच टाकू" म्हणून दुप्पट ओततात आणि मग शिव्या बीजवाल्याला. जास्त सोडून जास्त पैसे होतात हे मला अजिबात पटत नाही, खाद्य वाढवणार असाल तर गोष्ट वेगळी.

आणि आपल्या मराठवाड्यात तर एक मासा जास्त न सोडता पण गर्दी होते. एप्रिल-मे मध्ये पाणी निम्म्यावर येतं, मासे तेवढेच राहतात, म्हणजे जागेच्या हिशोबानं बोटुकली दुप्पट सोडल्यासारखंच झालं की, वर गरम पाण्यात ऑक्सिजन कमी. उन्हाळ्यात वाढ थांबली तर आधी पाण्याची पातळी बघा, बीजाचं नंतर.

उपाशी मासा ओळखायला काही मशीन लागत नाही. रोहू हातात घ्या, डोकं अंगाच्या मानानं मोठं, पाठ धारदार, पोट आत गेलेलं असेल तर त्याला खाद्य पुरत नाहीये. महिन्याला जाळं टाकून वीस-पंचवीस मासे बादलीत घ्यायचे, काट्यावर वजन करायचं, भागाकार करायचा, झाली वाढ. नुसती लांबी बघून "वाढतच नाही" म्हणू नका, 20 सेंटीमीटरचा मासा 25 चा झाला की वजन जवळपास दुप्पट होतं, डोळ्याला मात्र चार-पाच बोटांचा पण फरक दिसत नाही.

चिलापी म्हणजे तिलापिया माशाचा किस्सा तर अजून भारी. दोन-तीन महिन्यांत अंडी द्यायला लागते, पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून तळं बघता बघता भरतं आणि सगळी बोटाएवढी राहतात. मासे लई म्हणून लोक खूश, वजन केल्यावर तोंड बघण्यासारखं होतं.

जायकवाडीतला मासा मोठा असतो म्हणजे तिथं लवकर वाढतो, हे पण मला लगेच मान्य नाही. तो किती वर्षांचा आहे ते कुणी विचारतं का? खवल्यावरच्या कड्यांवरून वयाचा अंदाज काढता येतो. वय न बघता नुसता आकार बघून वाढ सांगणं म्हणजे निव्वळ गप्पा.