युंगलिंगांचं भुयार बारा महिने गार का?

विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट का लागतं, असं विचारलं की 'जमिनीच्या पोटातली उष्णता' हे उत्तर हमखास मिळतं. खरं तर पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाला असतं, गार-गरम होतो तो आपला हात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पॉट्सव्हिलला एका जर्मन कुटुंबाची बिअर याच गोष्टीच्या जिवावर टिकायची.

वुर्टेम्बर्गमधल्या आल्डिंगेनहून आलेल्या डेव्हिड युंगलिंगने 1829 मध्ये तिथे 'ईगल ब्रुअरी' हा बिअरचा कारखाना काढला. तो 1831 मध्ये जळाला. मग डोंगराला लागून नवी ब्रुअरी बांधली आणि मागचा खडक हातांनी खोदून भुयारं काढली. ब्रुअरी आजही तिथेच आहे आणि त्याच घराण्याकडे आहे.

पॉट्सव्हिलमध्ये जानेवारी आणि जुलै यांच्या सरासरी तापमानांत साधारण 25 अंशांचा फरक असतो. ऋतूंची ही लाट खडकात शिरते, पण खडक उष्णता फार हळू पुढे सरकवतो. दर तीन-सव्वातीन मीटरला लाटेची उंची सुमारे 2.7 पटीने घटते. म्हणजे तीन मीटरवर चढउतार 9-10 अंश, दहा मीटरवर जेमतेम एक अंश. शिवाय लाट उशिरा पोचते: जुलैची ऊब दहा मीटर खाली जाईपर्यंत जानेवारी उजाडतो! उरतं ते वर्षाचं सरासरी तापमान, इथे सुमारे 10 अंश. भुयारात गूढ 'ऊर्जा' शोधणाऱ्यांनी आधी तिथे थर्मामीटर टांगावा.

पण फक्त गार खडकाने भागत नाही, कारण बिअर आंबवणारं यीस्ट (साखरेचं अल्कोहोल करणारी सूक्ष्म बुरशी) स्वतःच तापतं. एक किलो साखर आंबताना सुमारे 600 किलोज्यूल उष्णता सुटते. शंभर लिटर रसात (म्हणजे बिअरसाठी काढलेल्या धान्याच्या गोड पाण्यात) आठ किलो साखर आंबली आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर रस 11 अंशांनी चढेल. पिंपाचं लाकूड उष्णता अडवतं. पिंप जितकं मोठं, तितका आतल्या रसाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी, म्हणून मोठं पिंप जास्त तापतं. ताप वाढला की यीस्ट जड, झोंबणारी अल्कोहोलं बनवतं, आणि आंबट करणाऱ्या जिवाणूंनाही ऊब मानवते.

'1829 पासून भुयारात लागर (थंडीत आंबवून मुरवलेली बिअर)' असं कुणी सांगितलं तर ते चूक. तळाशी बसणारं, थंडीत काम करणारं लागरचं यीस्ट अमेरिकेत आलं ते 1840 च्या सुमारास. त्याआधी इथे एल आणि पोर्टर या दुसऱ्या जातीच्या बिअर बनायच्या. लागर तर आंबल्यावर शून्याच्या आसपास आठवडेच्या आठवडे मुरवावी लागते. दहा अंशांचं भुयार त्याला पुरत नाही, बर्फ लागतोच.

1920 मध्ये दारूबंदी आली. युंगलिंगांनी अर्धा टक्का अल्कोहोलची बिअर काढली, आइस्क्रीमची डेअरी उघडली. सरकारी माणसांनी भुयाराचं तोंड विटांनी बंद केलं. त्या भिंतीचा उरलेला भाग अजून पाहायला मिळतो.