आकृतीतली अक्षरे
कामाच्या लेखी सूचनांत चित्रे घालायची पद्धत एसओपीपेक्षा, म्हणजे आजच्या प्रमाणित कार्यपद्धतींपेक्षा, बरीच जुनी आहे. १५५६ मध्ये बाझलला छापलेल्या ‘दे रे मेटालिका’ या खाणकामावरच्या लॅटिन ग्रंथात लाकडी ठशांची जवळजवळ तीनशे चित्रे आहेत. नुसते वर्णन आजच्यांना कळले नाही किंवा पुढच्यांना जड गेले तर काय, म्हणून चित्रकार लावले, असे लेखक अ‍ॅग्रिकोला प्रस्तावनेतच सांगतो. त्यातले पाणी उपसायच्या यंत्राचे एखादे पान पाहा. आसावर, चाकावर, नळीवर एकेक अक्षर आणि सोबत अक्षरवार भागांची नावे. मला तर चित्रांपेक्षा ही अक्षरेच मोठी करामत वाटते. आजही कित्येक कार्यपद्धतींत ‘व्हॉल्व्ह बंद करा, आकृती पाहा’ एवढेच असते. आकृतीत व्हॉल्व्ह तीन, आणि नंबर एकावरही नाही.

पुढची उडी सैन्यात दिसते. याकोब द हाइन या डच चित्रकाराच्या १६०७ च्या कवायतीच्या पुस्तकात ११७ कोरीव चित्रे आहेत, त्यातली ४३ केवळ मस्केट ही जुनी लांब बंदूक हाताळण्याची. एक हालचाल, एक चित्र, एक हुकूम. पायरी म्हणजे काय, हे इथे डोळ्यांना दिसते.

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ यांनी १९२१ मध्ये अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांपुढे प्रोसेस चार्ट, म्हणजे कामाच्या पायऱ्या चिन्हांनी दाखवणारा तक्ता, मांडला, तेव्हा यंत्राचे रूपच गळाले आणि उरला तो कामाचा क्रम. १९४७ च्या प्रमाणित चिन्हांत वर्तुळ म्हणजे क्रिया, बाण म्हणजे वाहतूक, चौकोन म्हणजे तपासणी. थांबणे आणि साठवण यांनाही आपापले चिन्ह मिळाले. हे कागद मात्र बहुधा काम आखणाऱ्यांच्या टेबलावरच राहिले. हात काळे करणाऱ्यांसाठी अमेरिकी सैन्याने १९५१ मध्ये ‘पीएस’ मासिक काढले. वाहनांची निगा, आणि तीही कॉमिक्समधून! कॉमिक्स चित्रकार विल आइस्नरने त्याचे चित्रकाम वीस वर्षे सांभाळले.

मग डिजिटल कॅमेरा आला आणि रेखाटणारा माणूस बाजूला पडला. फोटो स्वस्त, झटपट. पण तो सगळेच दाखवतो: तेलाचे डाग, मागची वायरिंग, दाबायचे बटण झाकणारा अंगठासुद्धा. रेखाचित्र काढणारा नको ते आधीच गाळायचा. फोटोवर लाल गोल आणि बाण काढत बसावे लागते ते त्यामुळेच.